तोच तो

डिसेंबरातली रात्र. लेक सुट्टीला घरी आलेली, आणि ती आली की रिमोट आपोआप तिच्या मालकीचा होतो. तिने ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ लावला होता. पहिली दहा मिनिटं मला काही म्हणजे काही कळलं नाही. एक लाँड्री, पावत्यांचा ढीग, टॅक्सवाल्यांचं बोलावणं, दोन-तीन भाषांत एकमेकांवर खेकसणारं कुटुंब. मी वाटीतले खारे शेंगदाणे संपवत बसलो होतो. इतक्यात व्हीलचेअरमधला एक म्हातारा आला. आवळलेले ओठ, कपाळाला आठी, बघणं असं की समोरच्याच्या सात पिढ्या नापास. माझा हात वाटीतच राहिला. म्हटलं, “अगं, हा तर तोच तो!”

“तोच तो म्हणजे कोण?”

“तोच गं. तो चायनीज. सगळीकडे असतो बघ.”

ती हसली नाही. पिक्चर थांबवला, मोबाइल उचलला आणि दहा सेकंदांत वाचून दाखवलं. जेम्स हाँग. जन्म १९२९, मिनिआपोलिस. “म्हणजे अमेरिकनच आहे बाबा तो,” ती म्हणाली, आणि पुढची ओळ वाचून खुदकन हसली. “आणि तुझ्यासारखा सिव्हिल इंजिनिअर आहे. रस्त्यांवर होता.”

पिक्चर पुढे सुरू झाला. माझं लक्ष मात्र पुन्हा लागलं नाही. पस्तीस वर्षं मी या माणसाला ओळखत होतो. रस्त्यात दिसला असता तर मान हलवून पुढे गेलो असतो, इतकं ओळखत होतो. नाव मात्र माहीत नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे ते माहीत करून घ्यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

पहिली भेट हॉस्टेलवरची. तेव्हा महिन्यातून एकदा वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचो. एका रात्रीचं भाडं भरायचं आणि ते वसूल व्हावं म्हणून चार कॅसेट लागोपाठ बघायच्या, असा आमचा अर्थशास्त्रीय हिशेब होता. खोलीत वीसेक पोरं, मोज्यांचा वास, विडीचा धूर, आणि टीव्हीवर मधूनच पांढऱ्या रेघा. तिसरी कॅसेट साधारण पहाटे तीनला लागायची. ‘बिग ट्रबल इन लिटल चायना’ तशाच एका पहाटे पाहिला. १९८६ चा, जॉन कार्पेंटरचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या जमिनीखाली राहणारा लो पॅन नावाचा दोन हजार वर्षांचा मांत्रिक, शापामुळे देह गमावलेला. कधी तो उंचच उंच, तोंडातून प्रकाश सोडणारा. तर कधी व्हीलचेअरमधला जख्ख, चिरक्या आवाजाचा म्हातारा. अर्धी खोली झोपलेली, उरलेली अर्धी खिदळत होती. मला मात्र तो म्हातारा लक्षात राहिला, कारण एवढ्या धिंगाण्यात तो एकटाच सगळं मनापासून करत होता. लग्नासाठी हिरव्या डोळ्यांची मुलगी हवी म्हणून इतका चिडचिडणारा, इतका स्वतःची कीव करणारा खलनायक मी पाहिला नव्हता. शेजारच्या जोशीकाकांना पायमोजे सापडले नाहीत की ते असेच बोलायचे. थिएटरात तो पिक्चर साफ पडला होता आणि कॅसेटवर जिवंत झाला, हे मला नंतर कळलं. म्हणजे आमच्यासारख्या भाड्याच्या व्हीसीआरवाल्यांनीच जगवला म्हणायचा.

पुढे तो भेटतच राहिला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, केबलवर रात्री उशिरा ‘ब्लेड रनर’. त्यात तो डोळे बनवणारा कारागीर आहे. कृत्रिम माणसांसाठी फक्त डोळे करतो. बाकी आपल्याला काही माहीत नाही, असं काकुळतीने सांगतो. प्रयोगशाळा म्हणजे बर्फाचं घर. अंगावर नळ्या जोडलेला जाडजूड फरचा कोट, श्वासाची वाफ, दोन्ही बाजूंना द्रवात तरंगणारी बुबुळं. मग ती कृत्रिम माणसं येतात, त्याचा कोट ओरबाडून काढतात आणि त्यातला एक त्याच्याच खांद्यावर त्यानेच केलेले डोळे ठेवतो. प्रसंग जेमतेम तीन-चार मिनिटांचा. ते सगळं खरोखरच्या शीतगृहात चित्रित केलं होतं म्हणे, त्यामुळे कुडकुडण्याचा अभिनय कितपत होता आणि थंडी कितपत, हे त्यालाच ठाऊक. ‘चायनाटाउन’मध्ये तो श्रीमंत घरातला नोकर. दार उघडतो, बाजूला होतो. इतका अचूक बाजूला होतो की त्याला पाहिल्याचं आपल्याला तीन दिवसांनी आठवतं.

आपल्याकडे अशा नटांना चरित्र अभिनेता म्हणतात. हा शब्द कोणी पाडला कोण जाणे, पण त्यात एक खोच आहे. पडद्यावरच्या सगळ्या माणसांत ज्याचं चरित्र कुणालाच माहीत नसतं, तो चरित्र अभिनेता.

तर त्याचं चरित्र. लेक झोपायला गेल्यावर मी ते मोबाइलवर वाचत बसलो, चष्मा कपाळावर ढकलून, अडीच वाजेपर्यंत. आईवडील चिनी. वडिलांचं हॉटेल. पोर लहान असतानाच काही वर्षं हाँगकाँगला पाठवलेलं, दहाव्या वर्षी परत मिनिआपोलिसला. म्हणजे जन्मगावी शाळेत गेला तो परदेशी होऊनच. बर्फ, चौथीचा वर्ग, आणि अख्ख्या वर्गाला येणारी ती भाषा आपल्याला येत नाही. माझी बदली झाली तेव्हा लेकीला साताऱ्याहून पुण्याच्या शाळेत घातलं होतं. दोन महिने ती घरी आल्यावर कुणाशी बोलत नव्हती, आणि तिला तर निदान भाषा येत होती. पुढे आईवडिलांची इच्छा असते तसं याचंही झालं: इंजिनिअरिंग. मिनेसोटा विद्यापीठ, मग कॅलिफोर्नियातलं यूएससी हे विद्यापीठ, सिव्हिलची पदवी. मधे कोरियन युद्धाच्या काळात सैन्यात भरती, तिथेही जवानांच्या करमणुकीचे कार्यक्रम बसवणं हेच काम गळ्यात पडलं. आणि मग लॉस एंजेलिस काउंटीत रस्ते विभागात नोकरी. दीड वर्ष.

त्या दीड वर्षापाशी मी बराच वेळ थांबलो. रस्त्याचा इंजिनिअर दीड वर्षात काय करतो, हे मला माहीत आहे. पहिले सहा महिने इतरांनी काढलेल्या नकाशांवरची मोजमापं तपासतो. मग एखाद्या वळणाचा उतार, एखाद्या मोरीचा व्यास त्याच्या हाती येतो. मग कधीतरी साइटवर उभा राहून गरम डांबराचा वास नाकात भरून घेतो, आणि संध्याकाळी लोकांच्या गाड्या त्यावरून जायला लागल्या की त्याला उगीच छाती फुगल्यासारखं वाटतं. एवढ्यात, म्हणजे नेमकं बरं वाटायला लागतं त्या वेळी, हा माणूस सोडून गेला. १९५४ मध्ये त्याने ग्राऊचो मार्क्स या विनोदी नटाच्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत हजेरी लावली आणि ग्राऊचोची नक्कल खुद्द ग्राऊचोसमोर केली. पत्रांचा पाऊस पडला, एजंट मिळाला, आणि १९५५ पासून कामं सुरू. क्लार्क गेबल, जॉन वेन या तेव्हाच्या बड्या नायकांच्या सिनेमांत. क्लार्क गेबलच्या मागे उभं राहणाऱ्यांत, असं म्हणणं जास्त बरोबर.

कामं कसली? नोकर, धोबी, हेर, गुंड, पुन्हा नोकर. ‘गॉडझिला’ अमेरिकेत आला तेव्हा त्यातल्या कितीतरी जपानी पात्रांचे इंग्रजी आवाज याने आणि आणखी एका नटाने मिळून दिले. जपानी काय, चिनी काय, ऐकणाऱ्याला सगळं सारखंच. १९५७ च्या सुमारास चार्ली चॅन या चिनी गुप्तहेरावर मालिका निघाली, त्यात हा थोरला मुलगा. आणि बाप? बाप जे. कॅरोल नेश नावाचा आयरिश वंशाचा नट. मला तो प्रसंग डोळ्यासमोर आणायचा मोह आवरत नाही. सकाळी मेकअपच्या खोलीत बाप आरशासमोर बसून चिनी होतोय आणि शेजारच्या खुर्चीत मुलगा वर्तमानपत्र वाचत बसलाय; त्याला काही करायचंच नाही. त्या काळी डोळे चिनी दिसावेत म्हणून गोऱ्या नटांच्या डोळ्यांचे कोपरे चिकटपट्टीने ओढून बसवायचे. मुख्य भूमिका त्या चिकटपट्टीची. खरे डोळे असलेल्यांनी ट्रे घेऊन यायचं.

आता इथे मला एक सोपं वाक्य सुचतं की त्याच्यावर अन्याय झाला. झालाच. पण माझ्या मनात त्याच्या जोडीने दुसरंही काही होतं आणि ते मला धड सोडवता येईना. नाव नसणं हे माझ्या धंद्यात अपमानाचं नाही. मी बत्तीस वर्षांत किती रस्त्यांच्या नकाशांवर सह्या केल्या असतील. एकाही रस्त्यावर माझं नाव नाही. कोनशिलेवर मंत्र्यांचं असतं, त्याखाली आमदारांचं, अलीकडे नगरसेवकाच्या बायकोचंही असतं. इंजिनिअरचं नसतं, नसावंच. रस्ता लक्षात न येणं हीच त्याची गुणवत्ता. खड्डा लक्षात येतो. मग वाटलं, दार उघडून अचूक बाजूला होणारा तो नोकर तसाच नाही का? आणि लगेच वाटलं, नाही. मला हे काम मी मागितलं म्हणून मिळालं. त्याने दुसरं काही मागितलं असतं तरी हेच मिळणार होतं.

आणि ‘साइनफेल्ड’ ही अमेरिकन विनोदी मालिका. १९९१ चा तो भाग, तिघं मित्र चायनीज हॉटेलात टेबलाची वाट बघत उभे आहेत, आणि संपूर्ण वीस-बावीस मिनिटं नुसती वाट बघतात. काहीच घडत नाही म्हणून चॅनलवाले धास्तावले होते. मी तो कितीतरी वेळा पाहिलाय. काउंटरवरचा माणूस जेम्स हाँग. कधीही विचारा, उत्तर एकच: पाच-दहा मिनिटं. त्याच्या आवाजात आश्वासन नाही, तुच्छता नाही, काहीच नाही. एसटीच्या चौकशी खिडकीतून येतो तसा आवाज. त्यातला एक जण, जॉर्ज कोस्टँझा, फोनची वाट बघतोय. फोन येतो, आणि हा माणूस हॉटेलभर हाक मारतो: कार्टराइट! कार्टराइट! कुणीच उठत नाही. फोन ठेवला जातो. जॉर्ज कपाळाला हात लावतो.

मी त्यावर दर वेळी हसलो. त्या रात्री अडीच वाजता पहिल्यांदा लक्षात आलं की ज्याचं नाव आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, तो माणूस तिथे उभं राहून दुसऱ्याचं नाव चुकवत होता. आयुष्यभराची वसुली एका शब्दात. लिहिणाऱ्यांच्या मनात हे नसणार, पण मला ते पुरलं.

मला ते पुरण्याचं कारणही आहे. काही वर्षांपूर्वी एका कामासाठी तीन महिने टेक्सासला होतो. तिथला एक साहेब पहिल्या दिवसापासून मला माझ्याआधी येऊन गेलेल्या एका तेलुगू इंजिनिअरच्या नावाने हाक मारायचा. तो माणूस माझ्याहून वीतभर उंच, पंधरा वर्षांनी लहान, आणि त्याला मिशी होती. पहिल्या दिवशी मी दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशीही केलं. तिसऱ्या आठवड्यात मी सरळ ‘येस’ म्हणू लागलो. काम अडत नव्हतं. साहेब प्रेमळ होता, डोनट आणायचा. निघताना त्याने निरोपाचं कार्ड दिलं, त्यावरही त्या तेलुगू माणसाचंच नाव. ते कार्ड मी फेकलं नाही, कुणाला दाखवलंही नाही. कपाटात जुन्या पासबुकांखाली आहे. राग आला होता का, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. पण ‘तोच तो चायनीज’ असं म्हणताना माझ्या तोंडून जे आलं, ते त्या डोनटवाल्या साहेबाच्याच सुरात आलं होतं. लेक हसली नव्हती ती त्यामुळेच.

हाँग ‘येस’ म्हणत राहिला, पण नुसता तेवढ्यावर थांबला नाही, हे मला आवडलं. १९६५ मध्ये माको वगैरे नटांबरोबर त्याने लॉस एंजेलिसमध्ये ‘ईस्ट वेस्ट प्लेयर्स’ ही नाटक मंडळी उभी केली. आशियाई चेहऱ्यांनी ट्रे न घेता रंगमंचावर यावं म्हणून. पहिलं नाटक ‘राशोमोन’. म्हणजे दिवसा स्टुडिओत धोबी आणि संध्याकाळी तालमीला. हौशी रंगभूमीवर दोन वर्षं राज्य नाट्यला लाइट धरलेल्या माणसाला ही दुहेरी पाळी काय असते ते कळतं. ती मंडळी अजून चालू आहे. तरीही १९७२ साली ‘कुंग फू’ मालिका निघाली तेव्हा शाओलिनच्या मुख्य शिष्याचं काम डेव्हिड कॅरडाइन या गोऱ्या नटाकडेच गेलं. हाँग त्यात अधूनमधून पाहुणा.

विचित्र गंमत अशी, की त्याची सगळ्यात लाडकी भूमिका आली तिच्यात चेहराच नव्हता. ‘कुंग फू पांडा’मधला मिस्टर पिंग, नूडल्सचं दुकान चालवणारा बदक, बदक म्हणजे खरं तर हंसच, पण आमच्या घरात तो बदकच होता. २००८ मध्ये लेक आठ वर्षांची होती. तो सिनेमा आमच्याकडे इतक्या वेळा लागला की बायकोने डीव्हीडी लपवली. मुलगा पांडा आणि बाप बदक, यात त्या बापाला काहीच खटकत नाही. त्याला चिंता एकच, पोराने दुकान सांभाळावं. सूपमधल्या गुप्त मसाल्याचं गुपित तो पोराला सांगतो ते म्हणजे गुप्त मसाला नाहीच. तेव्हा मी दर वेळी पेपरमागे डोळे पुसायचो, आणि तेव्हाही मला माहीत नव्हतं की हा आवाज पहाटे तीनच्या त्या लो पॅनचा. आवाजातली चिडचिड तीच होती. फक्त तिच्यात आता पोराबद्दलची काळजी कालवली होती.

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. डॅनियल डे किम या नटाने २०२० मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करायला घेतली. हॉलिवूडच्या फुटपाथवर नटाच्या नावाचा तारा बसवायला तेव्हा पन्नास-पंचावन्न हजार डॉलर लागायचे. काही दिवसांतच जमले. १० मे २०२२ रोजी तारा बसला, तेव्हा हाँग ९३ वर्षांचा होता. वर्गणी हा शब्द वाचून मला आमचा व्हीसीआर आठवला. आणि सिव्हिलवाला असल्यामुळे मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. काळसर टेराझोची फरशी, म्हणजे आपल्या मोझॅकचीच थोरली बहीण, त्यात गुलाबी टेराझोचा तारा, कडेने पितळेची पट्टी, अक्षरं पितळेची. काम चोख आहे. सांधे एकसारखे. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर दीड वर्ष राबलेल्या माणसाचं नाव सहासष्ट-सदुसष्ट वर्षांनी त्याच शहरात पायाखालच्या फरशीत. माझ्या माहितीतल्या दुसऱ्या कुठल्याही रस्ते-इंजिनिअरचं असं झालेलं नाही. लोक त्यावरून चालतात, आइस्क्रीम सांडतात. चालायचंच, फुटपाथ आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नटांच्या गिल्डचा पुरस्कार त्या लाँड्रीवाल्या सिनेमाच्या संपूर्ण संचाला मिळाला. चौऱ्याण्णवावं लागून चार दिवस झालेला हाँग माइकपाशी आला. तो व्हिडिओ लेकीने दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी लावला. क्लार्क गेबलपासून सुरुवात करून त्याने सांगितलं की तेव्हा आशियाई माणसाची मुख्य भूमिका डोळ्यांना पट्ट्या लावलेले लोक करायचे, ते कसे बोलायचे त्याचीही नक्कल करून दाखवली. सगळं सभागृह हसत होतं. मीही हसलो, कारण माणूस हसवण्यात तरबेज आहे, ग्राऊचोपासून. मग त्याच लयीत तो म्हणाला की निर्माते म्हणायचे, आशियाई नट तेवढे चांगले नाहीत, त्यांच्यावर गल्ला जमत नाही. आणि आता आमच्याकडे बघा. हसणारे उभे राहिले. माझा चहा खाली राहिला.

दोन आठवड्यांनी ऑस्करला तो गेला तेव्हा गळ्यातल्या बो टायवर दोन डोळे चिकटवले होते. आत काळी बुबुळं हलतात ते प्लास्टिकचे, मुलांच्या प्रोजेक्टला लागतात ते, तुळशीबागेत पाकिटाने मिळतात. त्या सिनेमात तसे डोळे जागोजागी आहेत, म्हणून. पण मला आधी बर्फाच्या घरातला तो कारागीर दिसला. सूट घालून, डोळे दुकानातून विकत आणून, स्वतःच्या हाताने लावून आलेला.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी जाहीर केलं की आज रिमोट माझा. ‘बिग ट्रबल इन लिटल चायना’ लावला. या वेळी मोजे नव्हते, धूर नव्हता, रेघा नव्हत्या. बायको पाच मिनिटांत झोपली. सुरुवातीलाच एका वकिलाच्या ऑफिसात एक म्हातारा बसलेला दिसतो. सुरकुतलेला चेहरा, मिचमिचे डोळे, जादूबद्दल काहीतरी गूढ बोलतोय. मी पुढे सरकून, बोट पडद्याकडे करून म्हटलं, “हा बघ. जेम्स हाँग.”

लेकीने उशी मांडीवर घेतली. “बाबा, हा व्हिक्टर वाँग आहे.”

मी बोट खाली घेतलं.

“हाँग यायचाय अजून,” ती म्हणाली. “पाच-दहा मिनिटं.”